दुसऱ्याच्या रानातली खुरपणी

लातूरच्या आडत बाजारात माझे वडील दिवाणजी होते. मूठभर दाणे तळहातावर पसरून तूर कुठल्या शिवारातली, कोरडवाहू की पाण्यावरची, हे ते सांगत. त्यांच्या शेवटच्या वर्षांत बाजारात नवी नावं ऐकू यायला लागली. मोझांबिकची गजरी, टांझानियाची मटवारा नि अरुषा, मलावीची लाल. मलावीचे दाणे त्यांनी पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "हातानं पाखडलीय. बाईमाणसाचं काम आहे." ही वही त्या वाक्यापायी सुरू झाली.

*

दक्षिण मलावीत शिरे नदीच्या पूर्वेला एक पठार आहे. चिराडझुलू, थ्योलो, मुलांजे, फालोंबे, झोम्बा हे तिकडचे जिल्हे. मुलांजेचा डोंगर तीन हजार मीटरपर्यंत चढतो. पायथ्याला चहाचे मळे आणि मळ्यांच्या कडेकडेनं मक्याची लहान लहान वावरं.

१९६६ साली अख्ख्या देशात चाळीस लाख माणसं होती. २०१८ च्या जनगणनेत १ कोटी ७५ लाख भरली, त्यातली शेकडा चौऱ्याऐंशी खेड्यात. म्हणजे साधारण आपल्या मराठवाड्याएवढी वस्ती. २०११ मध्ये मराठवाडा १ कोटी ८७ लाखांचा होता. जमीन मात्र त्यांची मराठवाड्याच्या जवळजवळ दीडपट. दर चौरस किलोमीटरला तिथं १८६ माणसं, दक्षिण भागात २४४. मराठवाड्यात २९० च्या आसपास.

मग तिथल्या दाटीची एवढी चर्चा का होते? हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पुरला.

उत्तर हळूहळू सापडत गेलं. मराठवाड्यातल्या घरातला एक मुलगा पुण्याला असतो, एक ऊसतोडीला जातो, एखादी सून अंगणवाडीत असते. शेतावर जगणारं घरही नुसतं शेतावर जगत नाही. दक्षिण मलावीतलं सगळ्यांत मोठं शहर ब्लांटायर, वस्ती आठ लाख. सामावून घ्यायला तेवढंच. त्यात पठारावरची दाटी सारखी नाही; चिराडझुलूत ती चौरस किलोमीटरला चारशेच्या वर जाते. तिथल्या कित्येक घरांकडे एक-सव्वा एकराहून जास्त रान नाही. त्यावर एक पाऊस, एक पीक, आणि अवजार म्हणाल तर हातातली कुदळ.

*

त्या कुदळीला 'खासू' म्हणतात. आखूड दांडा, रुंद पातं. बैल नाहीत. चारायला गायरान उरलेलं नाही, आणि सव्वा एकराच्या धन्याला बैलजोडी पोसवत नाही. सगळं रान सरी-वरंब्याचं. दर वर्षी जुने वरंबे फोडायचे, मागच्या पिकाचा पालापाचोळा जुन्या सरीत दाबायचा आणि त्याच्यावर नवा वरंबा ओढायचा. यंदाची सरी पुढच्या वर्षीचा वरंबा. हे सगळं कमरेत वाकून, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात, पाऊस पडायच्या आत.

वरंब्यांची सक्ती इंग्रज सरकारनं केली होती. जमीन धुपते म्हणून शेतकऱ्यांवर कायदे लादले, न पाळणाऱ्याला दंड. लोक त्या कायद्यांना 'मालिमिद्वे' म्हणत. स्वातंत्र्याच्या चळवळीला खेड्यातून जे बळ मिळालं, त्यात या दंडाचा राग मोठा होता. १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला. वरंबे राहिले.

*

आता गान्यूबद्दल. या वहीतली सगळ्यांत जास्त पानं याच शब्दानं खाल्ली आहेत.

गान्यू म्हणजे उक्तं काम. इतक्या सऱ्या खुरपून दे, इतके वरंबे ओढून दे, आणि बदल्यात पैसे घे किंवा पीठ. वर्षभर चालतं, पण त्याचा खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी.

मका नोव्हेंबरच्या शेवटी, पहिल्या पक्क्या पावसावर टोबतात. कापणी एप्रिल-मेमध्ये. ज्या घराची कणगी वर्षभर पुरते त्याला चिंता नाही, पण पठारावरच्या निम्म्याहून अधिक घरांची कणगी नव्या पिकाआधीच तळाला लागते. कुणाची ऑक्टोबरात, कुणाची डिसेंबरात. जानेवारीत बाजारात मका सगळ्यांत महाग, कारण विकणारे थोडे आणि घेणारे सगळे.

आणि मक्याला पहिली खुरपणी लागते ती नेमकी याच भुकेच्या दिवसांत. उगवून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत तण काढलं नाही तर पीक पिवळं पडतं, पुढं कितीही खत घाला, ते सावरत नाही. हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. तरीही ती सकाळी खासू खांद्यावर टाकून शिक्षकाच्या, दुकानदाराच्या, ज्याचा भाऊ परदेशी आहे त्याच्या रानात खुरपायला जाते, कारण संध्याकाळचं पीठ तिथं आहे. स्वतःच्या रानात पीठ एप्रिलनंतर आहे. दुपारी परत आली की पाऊस असतो, लेकरू असतं, पाणी आणायचं असतं. स्वतःची खुरपणी आठवडाभर मागं पडते. मग दोन आठवडे. कापणीला कणसं बारीक निघतात, आणि पुढच्या वर्षी कणगी आणखी एक महिना आधी रिकामी होते.

भुकेबद्दल लिहिताना आपण पाऊस, कीड, भाव अशी कारणं मोजतो. इथं भूक स्वतःच पुढच्या वर्षीच्या भुकेची पेरणी करते. त्या बाईचा हिशेब कुठंही चुकलेला नसतो. रोजच्या दिवसाचा तो बरोबर असतो आणि वर्षाचा त्यानंच बुडतो. ज्या कुणाला वाटतं की या माणसांना शेती शिकवायला हवी, त्यानं एकदा जानेवारीतल्या त्या सकाळी तिच्या जागी उभं राहून सांगावं, की आज कुठल्या रानात जायचं.

*

दुसऱ्याच्या रानातल्या खुरपणीला पठारावर शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोऱ्या मळेवाल्यांनी इथली मोठमोठी जमीन बळकावली. त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या, आणि मागून मोझांबिकमधून आलेल्या लोम्वे लोकांनाही, मळेवाले सांगत, राहायचं तर भाडं द्या, आणि भाडं श्रमात द्या. त्याला नाव पडलं 'थांगाता'. मूळ शब्दाचा अर्थ मदत करणं, शेजाऱ्याला हात देणं. मळेवाल्यांना ही मदत हवी असे ती पावसाच्या महिन्यांत, म्हणजे कुळांच्या स्वतःच्या मक्याला हात हवे असत तेव्हा.

जॉन चिलेम्ब्वे नावाचा पाद्री, अमेरिकेत शिकून आलेला, चिराडझुलूत मिशन चालवत होता. जवळच मागोमेरोचा मळा, डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या वंशजांच्या मालकीचा; थांगाता तिथंही होता. २३ जानेवारी १९१५ च्या रात्री चिलेम्ब्वेच्या माणसांनी त्या मळ्यावर हल्ला केला आणि व्यवस्थापकाला ठार मारलं. उठाव थोड्याच दिवसांत मोडला. ३ फेब्रुवारीला चिलेम्ब्वेला गोळी घातली गेली. आज मलावीच्या नोटांवर त्याचं चित्र असतं, आणि जानेवारीत त्याच्या नावाची सुट्टी.

थांगाता कायद्यानं गेला. चहाचे मळे अजून तिथंच आहेत, आणि त्यांना लागून सव्वा एकराची रानं.

*

आपल्याकडे 'घरजावई' हा शब्द खालच्या आवाजात उच्चारतात. पठारावरच्या याओ, लोम्वे, मांगांजा लोकांत तो रिवाजच आहे. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी येतो, त्याला 'म्कामविनी' म्हणतात. जमीन आईकडून लेकीकडे जाते. सख्ख्या-चुलत बहिणी, त्यांच्या लेकी, नाती मिळून एक 'म्बुम्बा', आणि तिचा कारभार बघणारा थोरला भाऊ, लेकरांचा मामा. लग्नातलं भांडण झालं तर मध्यस्थ म्हणून तोच बसतो.

नवऱ्याला त्या रानात पाहुण्यासारखं राहावं लागतं. अभ्यासकांना दिसलं की असा नवरा झाडं लावायला कचरतो. लग्न मोडलं तर झाड काही बरोबर नेता येत नाही.

म्हणून सगळं बाईच्या हाती, असं मात्र नाही. जमीन तिच्या नावानं चालते, पण तंबाखूचा, खताचा, मोठ्या पैशाचा निर्णय पुष्कळदा पुरुषाचाच. तरी नवऱ्यानं टाकलं म्हणून इथली बाई रस्त्यावर येत नाही. तिचं रान तिच्या पायाखाली असतं. आपल्या गावच्या परित्यक्ता बायका आठवल्या की हे लहान वाटत नाही. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा म्हणून आपल्याला मोहीम काढावी लागली.

*

मका अमेरिकेतून आलेला. त्याआधी तिथं ज्वारी आणि नाचणी. ज्वारीला ते 'मापिरा' म्हणतात, नाचणीला 'मावेरे'. दोन्ही धान्यं मूळची आफ्रिकेचीच, तिथूनच हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. तूर मात्र आपल्याकडून तिकडे गेली. भाकरी त्यांनी दिली आणि वरण आपण दिलं, असं लिहायला हात शिवशिवतो, पण वरण ते करतच नाहीत. तूर अख्खी शिजवून खातात, किंवा शेंगा हिरव्या असताना सोलून. डाळ करणाऱ्या गिरण्या ब्लांटायरमधल्या लिंबेत आहेत, आणि ती डाळ बाहेर जाते.

*

न्सिमा: मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हातानं गोळा करून कोरड्यासात बुडवून खायची. कोरड्यास म्हणजे भोपळ्याचा पाला, शेंगदाण्याचं कूट घातलेला. नाहीतर बोटाएवढी सुकी मासळी. नाहीतर नांदोलो, म्हणजे तूर. न्सिमा पोटात गेली नाही तर जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. भात खाल्ला तरी नाही.

पीठ पांढरं हवं. त्यासाठी मका कांडून कोंडा काढायचा, दोन-तीन दिवस भिजत घालायचा, पुन्हा कुटायचा, वाळवायचा. यात कोंडा निघून जातो, आणि भुकेच्या महिन्यांत तोच कोंडा, 'मादेया', शिजवून खावा लागतो. पिठाबरोबर कोंडा खायची पाळी आली हे शेजाऱ्याला कळू नये अशी धडपड असते. उपाशीपणाइतकीच त्याची लाज.

*

सरकारी शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं संकरित मका दिला आणि बायकांनी कित्येक वर्षं तो नाकारला. दाणा मऊ. उखळात त्याचा चुरा होतो, कोंड्याबरोबर पीठही जातं, आणि कणगीत भुंगा लागतो. जुन्या गावरान मक्याचा दाणा गारगोटीसारखा. तक्रार ऐकून घ्यायला खूप वर्षं लागली. १९९० मध्ये मलावीच्याच पैदासकारांनी एमएच १७ आणि एमएच १८ हे टणक दाण्याचे संकरित वाण काढले, आणि ते पसरले. वाण निवडायचा तर शेतात जेवढं बघावं तेवढंच उखळात बघावं, हे त्या बायका पहिल्यापासून सांगत होत्या.

*

खताच्या अनुदानाची मोठी योजना २००५-०६ च्या हंगामात सुरू झाली. गरिबाला चिठ्ठी, चिठ्ठीवर स्वस्तात खताची पोती. कुणाला द्यायची, त्याची यादी करायची. गावात यादी आली की पेच पडे, कारण सगळेच गरीब. कित्येक गावांत लोकांनी पोतं फोडून वाटून घेतलं. योजना आखणाऱ्यांच्या दृष्टीनं ही गळती. मला तो सुज्ञपणा वाटतो. ज्या शेजारणीला चिठ्ठी मिळाली नाही तिच्या शेजारी अख्खं वर्ष काढायचं असतं, आणि जानेवारीत पीठ संपलं तर तिच्याच दारात जायचं असतं.

*

गावोगाव बायकांच्या बँका आहेत, नाव 'बँकी म्खोंडे', ओसरीवरची बँक. आठवड्याला ठरलेला हिस्सा पेटीत, त्यातून कर्ज, वर्षाअखेर वाटप. आपल्या भिशीची सख्खी बहीण. वाटपाचा महिना पुष्कळ ठिकाणी पावसाच्या तोंडावर धरतात, म्हणजे हातात पैसा येतो तेव्हा खत घ्यायचं असतं.

*

घर कसं चाललंय ते छपरावरून कळतं. गवताचं की 'मलाता', म्हणजे पत्र्याचं. २०१८ मध्ये देशात दहातल्या साधारण एका घरात वीज होती. खेड्यात रात्रीचा उजेड बहुतेक ठिकाणी सेलवरच्या बॅटरीचा. सायकलच्या कॅरिअरवर उशी बांधून भाड्यानं माणसं नेणारा तो 'कबाझा'. बाळंतीण अडली तरी पुष्कळ वेळा तोच.

*

'जोनी' म्हणजे जोहान्सबर्ग. पठारावरची माणसं शंभर वर्षं दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत जात आली. १९७४ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सिसटाउनजवळ खाणकामगारांना नेणारं विमान कोसळलं, सत्तराहून अधिक गेले. राष्ट्राध्यक्ष बांडांनी भरती थांबवली. रांगा थांबल्या नाहीत. आता भरतीविना, बसनं, कागदांशिवाय जातात. जो गेला आणि परतला नाही, पैसा नाही, निरोप नाही, त्याला 'माचोना' म्हणतात. या अवस्थेसाठी अख्खा एक शब्द लागावा, इतकी ती माणसं आहेत.

*

लेकरं फार होतात, असं त्यांच्याबद्दल सहज म्हटलं जातं. १९९२ मध्ये एका बाईला सरासरी ६.७ मुलं होत. २०१५-१६ मध्ये ४.४. त्याच पाहणीत लग्न झालेल्या शंभर बायकांपैकी अठ्ठावन्न जणी आधुनिक संततिनियमन वापरत होत्या, सगळ्यांत जास्त इंजेक्शनचं. त्यासाठी उन्हात चालत दवाखाना गाठतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा येतात. वयाच्या मानानं वाढ खुंटलेली मुलं २०१० मध्ये शंभरात ४७ होती, २०१५-१६ मध्ये ३७. अजून फारच आहेत. पण उतार आहे, आणि तो त्यांनी स्वतः पायी उतरलेला आहे.

*

एचआयव्हीनं या पठाराची एक पिढी नेली. आजी आणि नातवंडं, मधलं कुणी नाही, अशी घरं उरली. २०११ मध्ये मलावीनं ठरवलं की गरोदर बाई बाधित निघाली तर पुढची रक्ततपासणी न करता तिला लगेच आणि आयुष्यभर औषध द्यायचं. कारण अगदी साधं होतं. रक्तातल्या पेशी मोजायची यंत्रं खेड्यातल्या दवाखान्यांत नव्हती, आणि यंत्र येईतो थांबायचं तर बाळ थांबत नव्हतं. दोन वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेनं हाच मार्ग जगाला सुचवला. गरीब देशानं आपल्या अडचणीतून जगाला रीत दिली, ही गोष्ट आपल्या शाळांत सांगावी अशी आहे.

*

मार्च २०२३. फ्रेडी चक्रीवादळ. पाच आठवड्यांहून अधिक काळ समुद्रावर फिरून पठारावर येऊन बसलं. मुलांजे आणि फालोंबेत डोंगरावरून दगड-चिखल घरांवर उतरला. मृत आणि बेपत्ता मिळून हजारावर, बेघर साडेसहा लाखांच्या आसपास. त्या वेळी देशात कॉलऱ्याची साथ चालूच होती, त्यांच्या इतिहासातली सर्वांत जीवघेणी, १,७०० हून अधिक बळींची. नोव्हेंबरात तिथल्या चलनाचं, क्वाचाचं, ४४ टक्के अवमूल्यन, म्हणजे खत एका रात्रीत महाग, ऐन टोबणीच्या तोंडावर. मग पाऊसच आला नाही. मार्च २०२४ मध्ये २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर.

मक्याची कापणी मार्चनंतर असते. दोन्ही मार्च त्यामुळं कणगीवरच पडले.

*

तूर मक्याच्याच वरंब्यावर टोबतात, त्याच दिवशी. वेगळं रान लागत नाही, वेगळं खत लागत नाही. मका उंच वाढतो तोवर तूर गुमान राहते. मका काढून नेला की तिला ऊन मिळतं, आणि खोल गेलेल्या मुळांवर ती पावसाशिवाय उभी राहते. शेंगा जुलै ते सप्टेंबर. पान गळून जमिनीत कुजतं, त्याचा पुढच्या मक्याला उपयोग. सव्वा एकराच्या धन्याला याहून गुणाचं पीक नाही.

शत्रू एकच, मर. आपल्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगायला नको. फुलोऱ्यातलं झाड उभ्याउभ्या वाळून जातं. १९८७ मध्ये तिकडे मरीला दाद न देणारा 'आयसीपी ९१४५' हा वाण दिला, हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या 'इक्रिसॅट' या संशोधन संस्थेचा त्यात हात होता. पुढच्या एका वाणाचं नाव 'म्वायवाथु आलिमी', म्हणजे आम्हा शेतकऱ्यांचं नशीब. आपल्याकडे बदनापूरच्या संशोधकांनी मरीसाठी बीएसएमआर ७३६ दिला. एकाच रोगाशी दोन खंडांत झगडणारी ही माणसं.

*

२०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशेवर गेली. २०१६ मध्ये सरकारनं मोझांबिकशी तुरीच्या आयातीचा करार केला. आफ्रिकेच्या शेतकऱ्याला निरोप पोचला: तूर लावा. आपल्या शेतकऱ्यालाही तोच पोचला. २०१६-१७ ला महाराष्ट्रात विक्रमी तूर झाली, हमीभाव बोनससह ५,०५० रुपये, आणि खरेदी केंद्रांपुढं बैलगाड्या-ट्रॅक्टरांच्या रांगा. वडील संध्याकाळी घरी येऊन नुसते बसत. बारदाना नाही म्हणून माप बंद, एवढं एक वाक्य रोज ऐकू येई.

ऑगस्ट २०१७ मध्ये आपण तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्याला ते हवंच होतं, आणि मी तेव्हा त्याचं स्वागत केलं होतं. नेमक्या त्याच आठवड्यांत थ्योलो-मुलांजेत नांदोलोच्या शेंगा झोडपून होत होत्या. भाव कोसळला. गावात येणाऱ्या व्यापाऱ्यानं सायकलवरची पोती मिळेल त्या किमतीला उचलली. त्या वर्षी लातूरचा शेतकरी आणि चिराडझुलूची शेतकरीण, दोघंही एकाच पिकात बुडाली.

२०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली, आणि मलावीशी पाच वर्षांचा करार झाला, वर्षाला ५०,००० टन. आपल्या लेखी हा लहान आकडा. त्यांच्या लेखी नोव्हेंबरातलं खताचं पोतं त्यावर ठरतं. आणि ते पोतं घेता आलं तर जानेवारीत दुसऱ्याच्या रानात थोडे कमी दिवस जावं लागतं.

*

सप्टेंबरच्या शेवटी तुरीची पोती गेलेली असतात. मागं राहतात तुराट्या. डोंगर उघडे पडलेत, लाकडासाठी बायकांना कोसभर जावं लागतं. पण तूर निघाल्यावर काही आठवडे नाही. आपल्या रानातल्या तुराट्या मोडून, भारा बांधून, डोक्यावरून घरी. भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या भाऱ्यांवर पावसाळ्यापर्यंतची न्सिमा शिजते.